झाडांचं सायन्स पहिल्यापासून: नेहमी येणारे प्रश्न

बडोद्यातल्या मराठी घरांतली मुलं शाळेत इंग्रजीत नाहीतर गुजरातीत शिकतात, घरी मराठी बोलतात, आणि आजीला झाडांची जी नावं येतात ती पुस्तकात कुठेच सापडत नाहीत, त्यामुळे बायोलॉजीत प्लांटचं चॅप्टर सुरू झालं की आयांचे मेसेज सुरू होतात. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून सगळे इथे एकत्र टाकलेत. सोपे आधी, तिरके नंतर. उत्तरं मुलांनी स्वतः वाचावीत अशीच लिहिलीत, पण ब्लेड आणि गरम पाणी जिथे येईल तिथे मोठ्या माणसानं शेजारी बसायचं. आणि एक आमचा हट्ट आहे तो आधीच सांगून ठेवतो, आधी वस्तू हातात घ्या, कापा, बघा, नाव शेवटी पाठ करा.

१. मुलाला बॉटनीची आवड लावायची आहे, सुरुवात कशानं करू? मायक्रोस्कोप घ्यावा का?

लगेच नको. स्वस्तातल्या मायक्रोस्कोपची फिटिंग ढिली असते, मुलं कांद्याचा पापुद्रा एकदा बघतात आणि मग तो कपाटावर जातो. त्यापेक्षा दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग घ्या, सोनार वापरतात तसलं. फक्त ते धरायची पद्धत बहुतेकांची उलटी असते, भिंग पानाजवळ आणि डोकं लांब. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान हळूहळू त्याच्याकडे आणायचं, इंचभर अंतरावर आलं की एकदम स्वच्छ दिसतं.

पहिली वस्तू म्हणून तुळशीचं पान घ्या. खालच्या बाजूला लव दिसेल आणि बारीक चमकते ठिपके दिसतील, त्या तेलाच्या ग्रंथी, तुळशीचा वास तिथून येतो. मग एक साधी वही, पेन्सिल, तारीख घालून चित्र. चित्र वाईट आलं तरी चालतं, फोटोपेक्षा चित्र काढताना जास्त दिसतं.

झाडं बघायला कमाटीबाग आहेच, सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये केलेली, आणि तिथे तऱ्हेतऱ्हेची मोठी झाडं एका ठिकाणी बघायला मिळतात. तिथे खाली पडलेलंच उचलायचं, तोडायचं नाही. युनिव्हर्सिटीच्या बॉटनी डिपार्टमेंटचीही स्वतःची बाग आहे, पण तिथे आधी विचारून जा.

२. वनस्पती म्हणजे नक्की काय? मशरूम येतं का त्यात? आणि शेवाळ?

मशरूम येत नाही. जागेवरून हलत नाही एवढ्यावर वनस्पती ठरत नाही. वनस्पतीच्या पेशीला सेल्युलोजची भिंत असते, आत हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट असतात, आणि ती उजेड वापरून स्वतःचं अन्न करते. मशरूमच्या पेशीची भिंत कायटिनची, झुरळाच्या कवचात असतं तेच, आणि अन्न आयतं, कुजणाऱ्या वस्तूंमधून. नात्यानं बुरशी ही झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे, हे ऐकून मुलं खूश होतात.

शेवाळाचं जरा सांभाळून. पावसाळ्यात गच्चीच्या भिंतीवर जी हिरवी मखमल येते ती बहुतेक वेळा मॉस, ती खरी वनस्पती, भिंगातून तिची इवलीशी पानं दिसतात. पाण्याच्या टाकीत जे हिरवं तार-तार येतं ते अल्गी. मराठीत आपण दोन्हीला शेवाळच म्हणतो. हिरव्या अल्गी वनस्पतींच्या जवळच्या नातेवाईक आहेत, पण त्यांना मूळ-खोड-पान असलं काही नसतं. हिरवं नसलेल्या वनस्पतीही असतात, त्या प्रश्न ११ मध्ये.

३. झाड मातीतून अन्न घेतं ना? मग खताला "झाडाचं अन्न" का म्हणतात?

या सगळ्या यादीत एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचा, कारण इथे गोंधळ झाला की पुढचं सगळं पाठांतर होतं.

बेल्जियमकडचा व्हॅन हेल्मॉन्ट नावाचा माणूस, त्याचं लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापलं गेलं. त्यानं एका कुंड्यात २०० पौंड वाळवलेली माती घेतली, म्हणजे साधारण ९० किलो, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं, आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाडाचं वजन भरलं १६९ पौंड आणि वर थोडं. माती पुन्हा वाळवून तोलली तर कमी झाली होती फक्त २ औंस, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. आता सांगा एवढं पाऊणशे किलो लाकूड आलं कुठून?

त्यानं उत्तर काढलं की पाण्यातून. अर्धं बरोबर. राहिलेलं अर्धं हवेत होतं, आणि ते त्याला कळायला मार्गच नव्हता. झाड पानांवरच्या सूक्ष्म भोकांतून, पर्णरंध्रांतून, कार्बन डायऑक्साइड घेतं, मुळातून पाणी घेतं, आणि उजेडाच्या जोरावर त्यातून साखर करतं, हेच प्रकाशसंश्लेषण. तीच साखर जोडून जोडून सेल्युलोज, लाकूड, स्टार्च, सगळं. हवेत हा वायू आहे फक्त ०.०४ टक्क्यांच्या आसपास, आणि तेवढ्यातून कमाटीबागेतली सगळी झाडं उभी आहेत, बघा विचार करून. यात जो ऑक्सिजन बाहेर पडतो तो पाण्यातला, कार्बन डायऑक्साइडमधला नाही, हे १९४१ मध्ये ऑक्सिजनचा जड आयसोटोप (वजनानं जड असलेला ऑक्सिजन) वापरून दाखवलं गेलं आणि ते वाक्य परीक्षेत हमखास येतं.

मग ते २ औंस काय? तेच खताचं काम. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम वगैरे, प्रमाण थोडं पण त्याशिवाय चालत नाही, मॅग्नेशियम नसेल तर क्लोरोफिलच बनत नाही. खतातून झाडाला ऊर्जा मिळत नाही, म्हणून त्याला अन्न म्हणू नका, पोषकद्रव्य म्हणा. अंधाऱ्या जिन्यात ठेवलेल्या कुंडीला कितीही खत घाला, ती सुधारत नाही ती याच कारणानं.

४. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो म्हणतात. खरं का?

नाही. ऑक्सिजन पाणी फुटण्यातून येतो (वर ३ मध्ये) आणि त्याला उजेड लागतो. रात्री पिंपळ, वड, कडुनिंब, सगळेच श्वसन करतात, म्हणजे ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. दिवसाही श्वसन चालूच असतं, फक्त प्रकाशसंश्लेषण त्यापेक्षा बरंच जास्त चालतं म्हणून ते लपून जातं. "झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन" हे वाक्य त्यामुळे चूक आहे, श्वसन चोवीस तास.

ही अफवा येते कुठून तर बहुधा कोरफड, पानफुटी, स्नेक प्लांट अशा झाडांवरून. ती खरोखर रात्री पर्णरंध्रं उघडतात, दिवसा बंद ठेवतात म्हणजे पाणी वाचतं. पण रात्री ती कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात, ऑक्सिजन तयार होतो तो दुसऱ्या दिवशी उजेडातच. आणि हो, बेडरूममध्ये दोन कुंड्या ठेवल्या म्हणून रात्री गुदमरायलाही होत नाही, शेजारी झोपलेला माणूस त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.

५. एवढ्या उंच झाडात पंप नसताना पाणी वर चढतं कसं?

वरून ओढलं जातं. पानातून पाण्याची वाफ बाहेर जाते (बाष्पोत्सर्जन), तिथे पाणी कमी पडतं, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे खालपर्यंतची अख्खी रांग वर खेचली जाते. नळ्या कसल्या तर झायलेमच्या, मराठी पुस्तकात जलवाहिन्या, आणि त्यातल्या पेशी मेलेल्या असतात, म्हणजे झाडाला यासाठी काही खर्च नाही, बिल सूर्य भरतो. आपला ओढून घेणारा पंप १० मीटरच्या वर पाणी खेचू शकत नाही, आणि कॅलिफोर्नियातलं सगळ्यात उंच रेडवूड ११५ मीटरच्या वर आहे, तिथेही हीच पद्धत.

बघायचं असेल तर पावसाळ्यात तेरडा मिळतो, त्याचं खोड जवळजवळ पारदर्शक असतं. मुळासकट उपटून माती धुवा, लाल शाईच्या पाण्यात उभा करा, उन्हात खिडकीशी ठेवा. थोड्या वेळानं खोडात लाल रेषा चढताना दिसतात. मग आडवा काप घ्या, लाल ठिपके गोलात मांडलेले दिसतील. एक रोप प्लॅस्टिकच्या पिशवीनं झाकून शेजारी ठेवा, त्यात शाई हळू चढते, का ते मुलांनाच सांगू दे.

साखर न्यायच्या नळ्या वेगळ्या, फ्लोएम, त्या जिवंत असतात आणि वर-खाली दोन्हीकडे नेतात.

६. बटाटा खोड आणि रताळं मूळ, हे ओळखायचं कसं? पाठ करून विसरायला होतं.

पाठ करूच नका, भाजीची पिशवी ओता. खोडाची खूण म्हणजे पेरं आणि डोळे. बटाट्यावर डोळे असतात, नीट बघा, प्रत्येक डोळ्याशी एक बारीक भुवईसारखी रेघ असते, ती खरं तर पानाची जागा, आणि डोळे गोल गोल जिन्यासारखे वर चढत जातात. म्हणजे बटाटा फुगलेलं खोड. रताळ्यावर असली शिस्त नाही, बारीक मुळं फुटलेली असतात, ते मूळ. आलं, हळद, अळकुडी, सुरण: खोडं, आल्यावर तर पेरांची वर्तुळं उघड दिसतात. गाजर, मुळा: मूळ. कांदा: उभा कापा, बुडाशी जी कडक चकती आहे तेवढंच खोड, बाकी सगळे पापुद्रे म्हणजे पानांचे जाड झालेले तळ.

शेंगदाणा जमिनीखालून येतो म्हणून मुलं त्याला मूळ म्हणतात. भुईमुगाला पिवळं फूल जमिनीच्या वर येतं, मग त्याचा दांडा खाली वाकून मातीत घुसतो आणि शेंग आत पोसते. शेंग म्हणजे फळ, दाणा म्हणजे बी.

७. टोमॅटो फळ की भाजी?

फुलाच्या बीजांडकोशापासून, म्हणजे जिथे बी धरतं त्या भागापासून, बनतं ते फळ. त्यामुळे टोमॅटो, वांगं, भेंडी, काकडी, दुधी, मिरची सगळी फळं. भाजी हा स्वयंपाकघरातला शब्द आहे, बॉटनीत तसा वर्गच नाही, तेव्हा भांडण कशाला. अमेरिकेत मात्र हे भांडण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, १८९३ मध्ये, कारण भाजीवर आयातकर होता आणि फळावर नव्हता, कोर्टानं टोमॅटोला भाजी ठरवलं. बॉटनीच्या पेपरात कोर्टाचा निकाल लिहू नका.

उलटंही होतं, सफरचंदाचा आपण खातो तो बराचसा भाग फुलाच्या बैठकीचा, खरं फळ आतला बियांचा गाभा. काजूचं बोंडही तसंच, खरं फळ खाली लटकलेला काजू.

८. वडाला फळं येतात पण फुलं कधीच दिसत नाहीत. फुलाशिवाय फळ कसं?

आपण ज्याला उंबर म्हणून उचलतो ते अजून फळ नसतं, तो फुलांचा अख्खा गुच्छ असतो, पिशवी उलटी करून फुलं आतून शिवल्यासारखा. वड, पिंपळ, उंबर, अंजीर, सगळे फायकस या एकाच वंशातले, सगळ्यांचं असंच. म्हणून कधीतरी उगवणाऱ्या पाहुण्याला आपल्याकडे उंबराचं फूल म्हणतात.

एक कच्चं, करंगळीच्या पेराएवढं उंबर घ्या, देठापासून उभं मधोमध कापा. चीक येईल, तो हाताला लागू देऊ नका, डोळ्याला तर नाहीच. देठाच्या विरुद्ध टोकाला खवल्यांनी बंद केलेलं बारीक दार दिसेल. आतल्या पोकळीच्या भिंतीवर भिंगानं बघा: शेकडो फुलं, दाटीनं उभी, पाकळ्या नावापुरत्या. जरा पिकत आलेलं उंबर असेल तर त्यात काळपट चिलटं सुद्धा दिसतील, आणि इथे बऱ्याच जणांची मान फिरते.

ती चिलटं म्हणजे फायकसची गांधीलमाशी, मुंगीपेक्षाही लहान. मादी त्या दारातून आत घुसते, दार इतकं चिंचोळं की तिचे पंख तुटतात, परत बाहेर पडायचं नसतंच. अंगावर आणलेले परागकण ती फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. पुढे आधी नर निघतात, बिनपंखांचे, ते माद्यांशी जुळतात, बाहेर पडायची वाट कोरतात आणि बाहेरचं जग फारसं न बघताच संपतात. नव्या माद्या पराग घेऊन त्या वाटेनं उडतात दुसऱ्या झाडाकडे. बहुतेक फायकसची स्वतःची ठरलेली माशी असते, वडाची वेगळी, उंबराची वेगळी. माशी नाही तर बी नाही.

लगेच पुढचा प्रश्न येतो, विशेषतः ज्यांचे शेजारी जैन आहेत त्यांचा: मग अंजीर शाकाहारी का? जैन परंपरेत वड-पिंपळ-उंबराची फळं वर्ज्यच आहेत, आतल्या जिवांमुळे. बाजारातल्या अंजिरात पुष्कळ जाती अशा आहेत ज्या माशीशिवाय, बी न धरता पिकतात. तुर्कस्तानाकडच्या स्मर्ना जातीला माशी लागते. खायचं की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं, ते बॉटनीचं काम नाही.

९. पारंब्या म्हणजे फांद्या की मुळं?

मुळं. पेरं नाहीत, पानं नाहीत, टोकाला मुळाची टोपी असते (६ मधली खूण इथेही चालते). जमिनीला टेकल्या की जाड होतात आणि खांबासारख्या भार घेतात, इतक्या की मूळ खोड गेलं तरी झाड राहतं. हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या मोठ्या वडाचं मधलं खोड बुरशी लागली म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं, झाड अजून पसरतंय. एवढ्या लांब कशाला, भरूचजवळ नर्मदेतल्या बेटावरचा कबीरवड बघून या, त्यात पहिलं खोड कुठलं ते शोधून दाखवा म्हणावं मुलांना.

१०. केळीचं झाड हे झाड नाही असं मॅडम म्हणाल्या. आणि खोडातली वर्तुळं मोजून वय कळतं हे तरी खरं का?

मॅडम बरोबर आहेत. केळीचं जे खोड दिसतं ते पानांचे तळ एकात एक गुंडाळून झालेलं, लाकूड त्यात अजिबात नाही, कोयत्याच्या एका घावात आडवं होतं. खरं खोड जमिनीत असतं, फुलायची वेळ आली की त्याचा दांडा त्या गुंडाळीच्या मधून वर येतो आणि केळफूल बाहेर पडतं. एकदा घड आला की तो खांब मरतो, बाजूचे मुनवे, म्हणजे बुडातून फुटलेले कोंब, पुढे चालू. केळ्यात मधोमध जे काळे ठिपके दिसतात ती न वाढलेली बीजांडं, आपल्या केळ्याला बी धरतच नाही.

वर्तुळांचं म्हणाल तर ती फक्त अशा झाडांत होतात ज्यांचं खोड दरवर्षी सालीखाली नवा थर घालून जाड होतं. नारळ, ताड, खजूर, बांबू एकदल (म्हणजे ज्यांच्या बीच्या दोन डाळी होत नाहीत अशी), त्यांत असा थरच नाही, त्यामुळे वर्तुळं नाहीत. नारळाच्या खोडावर बाहेरून दिसतात ती गळलेल्या पानांची वळं. आंबा-वडात थर होतात, पण आपल्याकडे बर्फाळ हिवाळा नसल्यानं वाढ नीट थांबत नाही आणि रेषा पुसट येतात. सागात मात्र स्पष्ट येतात, जुन्या सागवानी टेबलाची कड बघा. भायलीच्या पुढे गणपतपुऱ्याला गोरखचिंचेचं प्रचंड झाड आहे, त्याचं वय लोक शेकड्यांत सांगतात, पण गोरखचिंचेचं खोड पोकळ होत जातं आणि वर्तुळं भरवशाची नसतात, म्हणून जगभर अशा झाडांचं वय रेडिओकार्बननं (लाकडातला किरणोत्सारी कार्बन मोजून) काढतात.

११. लाल-जांभळ्या पानांत क्लोरोफिल नसतं का? मग ती अन्न कसं करतात?

असतं, लाल रंगाखाली झाकलेलं. पानाची खालची बाजू जांभळी असलेलं रिओ कुंड्यांत सगळीकडे असतं, त्याचं एक पान गरम पाण्यात टाका. जांभळा रंग पाण्यात विरघळून जातो, पान हिरवंगार निघतं, क्लोरोफिल पाण्यात विरघळत नाही ना. लाल माठाची भाजी चिरून उकळली की तेच होतं. गंमत म्हणजे दोन्हींचा लाल वेगळा: रिओत अँथोसायनिन, माठात आणि बीटमध्ये बीटालेन, आणि एका झाडात हे दोन्ही एकत्र सापडत नाहीत.

खरोखर हिरवं नसलेलं बघायचं तर अमरवेल, बोराटीवर किंवा मेंदीच्या कुंपणावर पिवळे दोरे पसरलेले असतात ते. पानं नाहीत, जमिनीत मूळ नाही, दुसऱ्याच्या झायलेम-फ्लोएममध्ये सोंड खुपसून सगळं आयतं घेते. आंब्यावरचं बांडगूळ मात्र हिरवं असतं, ते पाणी-क्षार चोरतं आणि साखर बरीचशी स्वतः करतं, म्हणून ते अर्धपरजीवी.

१२. लाजाळूला हात लावला की ती मिटते, म्हणजे तिला कळतं का? झाडांना दुखतं का?

कळतं या अर्थानं की स्पर्श नोंदवला जातो आणि विजेचा संदेश पुढे जातो. जगदीशचंद्र बोसांनी लाजाळूतली ही विजेची प्रतिक्रिया मोजली होती. देठाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो, त्यातल्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि त्यामागून पाणी बाहेर पडतं, सांधा ढिला पडतो, पान मिटतं. स्नायू नाही, मज्जातंतू नाही, मेंदू नाही. दुखायला जी यंत्रणा लागते ती झाडात नाही, त्यामुळे भाजी चिरताना वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. सारखी सारखी मिटवू मात्र नका, मिटलेलं असताना तिचं अन्न कमी होतं.

१३. मेथी साफ करताना मुळाला गाठी दिसल्या, रोग आहे का?

बहुधा नाही. एक गाठ नखानं फोडा, आत गुलाबी दिसली तर ती रायझोबियम बॅक्टेरियाची. ते हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात आणि बदल्यात साखर घेतात. गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा नातेवाईक. मेथी, भुईमूग, मूग, तूर, बहुतेक शेंगवर्गीयांत.

आता अपवाद. टोमॅटो-भेंडीच्या मुळाला गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमीचा (मातीतले बारीक जंत) त्रास. फरक साधा: रायझोबियमची गाठ बाजूला चिकटलेली असते, बोटानं सहज सुटते, सूत्रकृमीत मूळ स्वतःच फुगलेलं असतं, ओढलं तर मूळच तुटतं.

१४. एकदल म्हणजे समांतर शिरा, द्विदल म्हणजे जाळीदार. मग अळू?

पकडलंत. अळू एकदल आहे आणि शिरा जाळीदार. मनीप्लांट, सुरण, कोनफळ यांचंही तसंच. शिरा ही एक खूण आहे, कायदा नाही. तीन-चार खुणा एकत्र बघायच्या: फुलाचे भाग तीनच्या पटीत की चार-पाचच्या, मुळं झुपकेदार की एक सोटमूळ, खोडाच्या कापात नळ्या विखुरलेल्या की गोलात (५ मधला तेरड्याचा काप आठवा, शेजारी मक्याचा घ्या), आणि बी मिळालं तर दोन डाळी होतात का. बहुमत जिकडे तिकडे.

१५. हायड्रिलाच्या प्रयोगात बुडबुडेच येत नाहीत, प्रोजेक्ट उद्या आहे!

पाणी उकळून गार केलेलं किंवा आरओचं घेतलं असेल, त्यात झाडाला पुरेल एवढा कार्बन डायऑक्साइड मिळत नाही. नळाचं घ्या, चिमूटभर खायचा सोडा टाका. हायड्रिला ताजी हवी, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळते, देठ पाण्याखालीच तिरके कापा आणि कापलेली टोकं वरच्या बाजूला ठेवा, बुडबुडे तिथून येतात. ट्यूबलाइट नको, थेट ऊन. मग हातानं सावली करा, बुडबुडे मंदावतात, हा भाग बहुतेक मुलं करतच नाहीत आणि मार्क तर त्यालाच असतात.

आयोडीनचा स्टार्चवाला प्रयोग करणार असाल तर स्पिरिट गॅसवर गरम करायचं नाही, कधीच नाही. गॅस बंद करून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात स्पिरिटची वाटी ठेवायची.

१६. लॅटिन नावं कशाला? आपली नावं काय वाईट आहेत?

एकादशीला आईनं रताळी सांगितली आणि खंडेराव मार्केटमध्ये "रताळू" मागितलं की हातात उंधियूचं जांभळं कंद येतं, ज्याला मराठीत कोनफळ म्हणतात. आपलं रताळं गुजरातीत शक्करियां. घरातच दोन भाषा असल्या की हे रोजचं. लॅटिनमध्ये रताळं इपोमिया बटाटास, कोनफळ डायोस्कोरिया अलाटा, कुळंही वेगळी, आणि बटाटास हे नाव बटाट्याचं नाही हे लक्षात घ्या, तो सोलॅनम ट्युबरोजम. तोरणाला लावतात तो आसोपालव, त्याला मराठीत सर्रास अशोक म्हणतात, पण सीतेचा अशोक वेगळा, साराका. दोन शब्दांची ही पद्धत लिनियसनं १७५३ मध्ये सगळ्या वनस्पतींना लावली. पहिला शब्द वंश, दुसरा जात.

१७. मोबाइलच्या अ‍ॅपनं फोटोवरून झाड ओळखलं, ते धरून चालू का?

वंशापर्यंत बऱ्याचदा बरोबर येतं, पुढे घोटाळा होतो, नुसत्या पानाच्या फोटोवर तर जास्तच. फूल, फळ, पानाची मागची बाजू, असे वेगवेगळे फोटो द्या. अ‍ॅपच्या भरवशावर काहीही तोंडात घालायचं नाही. पिवळी कण्हेर, धोत्रा, गुंज, एरंडाचं बी ही सगळी विषारी आहेत आणि सगळी बडोद्यात रस्त्याच्या कडेला मिळतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्यानं धुवून तडक डॉक्टरकडे.

१८. पुस्तकात एक लिहिलंय आणि तुम्ही दुसरंच सांगता. पेपरात काय लिहू?

एमसीक्यूत पुस्तकातलं उत्तर टिक करा, विशेषतः नीटला एनसीईआरटीचं वाक्य हेच शेवटचं. दोन-तीन मार्कांच्या उत्तरात "सामान्यतः" किंवा "युजुअली" हा एक शब्द घाला, म्हणजे वाक्य खोटं होत नाही, आणि जागा असेल तर अपवाद एका ओळीत: "एकदलात सामान्यतः समांतर शिरा, अपवाद अळू." तपासणारे सहसा त्याचे मार्क कापत नाहीत. पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो असं शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असलं तरी उत्तरपत्रिकेत लिहू नका, ते पुस्तकातही नाही.